कोळ्याचं बारसं

४ ऑगस्ट २०२४, रविवार. दुपारी.

आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी. तरी पुढेमागे कुणाला छापायची झाली तर अक्षर लागावं म्हणून जेल पेननं लिहितोय.

कारण असं. ३१ मे २०२५ ला मी रिटायर होतोय. टेंभुर्णीच्या हायस्कूलमध्ये प्रयोगशाळा परिचर म्हणून तीस वर्षं झाली. या तीस वर्षांत शाळेत कोणीही माझं नाव घेतलेलं नाही. पोरं लॅबमामा म्हणतात. पोरांचे बाप लॅबमामा म्हणायचे. हेडमास्तर कारभारी सरही लॅबमामाच म्हणतात. तातेराव भुजंग हिवाळे हे नाव फक्त पगारबिलावर आहे. म्हणजे मी कोण आहे हे फक्त ट्रेझरीला माहीत.

काल माझ्याआधी जे परिचर होते त्यांचं नाव आठवायचा प्रयत्न केला. दोन वर्षं त्यांच्या हाताखाली काढली. त्यांची विडी आठवली, त्यांची सायकल आठवली. नाव आठवलं नाही. त्यांनाही आम्ही मामाच म्हणायचो. रात्रीची भाकर गेली नाही.

निश्चय: रिटायर व्हायच्या आत विज्ञानात स्वतःचं नाव ठेवून जायचं. हातात दहा महिने. भरपूर झाले.

६ ऑगस्ट, मंगळवार.

परवेज सरांना (सायन्स, आठवी ते दहावी) मधल्या सुट्टीत सहज विचारलं, की विज्ञानात नावं कशी ठेवतात. आपला हेतू कळू दिला नाही.

त्यांनी सांगितलं की धूमकेतूला शोधणाऱ्याचं नाव आपोआप मिळतं. छोट्या ग्रहगोलांना शोधणारा नाव सुचवू शकतो. ताऱ्यांचं मात्र अवघड. इतके आहेत की बहुतेकांना नुसते नंबर दिलेत, मोबाईलसारखे. इंटरनेटवर काही लोक ताऱ्याला तुमचं नाव देतो म्हणून छापील सर्टिफिकेट विकतात. पण त्याला विज्ञानात कोणी विचारत न्हाई, बिलकुल फालतू खर्चा है, असं म्हणाले.

धूमकेतू ठरवला.

७ ऑगस्ट, बुधवार. सकाळी.

रात्री धूमकेतू शोधायला गच्चीवर गेलो. ढग होते. तरी निष्ठेनं आडवा झालो. पहाटे बायकोनं, गिरिजानं, उठवलं. मान धरलीय.

धूमकेतू रद्द. तीस वर्षं लॅबमध्ये काढलेल्या माणसानं आकाशात कशाला जायचं? जमिनीवरचंच काहीतरी पाहतो.

११ ऑगस्ट, रविवार. सकाळी ८.१०.

वेळ मुद्दाम लिहितोय. पुढे लागेल.

शोध लागला!

गिरिजा पोह्यांसाठी अंगणातल्या कढीपत्त्याची पानं तोडत होती. तिथून ओरडली, की अहो, हे काय उड्या मारून राह्यलं बघा जरा. मी गेलो. कोळी. तांदळाच्या दाण्याएवढा. पाठीवर शेंदरी पट्टा, पुढचे दोन पाय पांढरेशुभ्र. जाळं नाही, नुसत्या उड्या. असा कोळी मी जन्मात पाहिलेला नाही. वाटी पालथी घालून जागीच धरला. मग लॅबच्या बाटलीत, स्पिरिटमध्ये.

वाटी पोह्यांची होती. पोहे उशिरा आणि बिनाकढीपत्त्याचे खाल्ले. विज्ञानात त्याग करावा लागतो.

टीप: शोध मी लावला. गिरिजानं फक्त दाखवला.

१२ ऑगस्ट, सोमवार.

परवेज सरांनी भिंगातून पाहिला. मग तासभर मोबाईलवर फोटो पाहत बसले. दहावी ब चा तास बुडाला. शेवटी म्हणाले, मामा, असा दिसत न्हाई कुठं. तज्ज्ञाला दाखवावं लागतंय.

तज्ज्ञही त्यांनीच शोधला. केरळात डॉ. मारिया नावाच्या बाई आहेत. आयुष्यभर कोळ्यांवरच काम केलंय त्यांनी.

नाव ठेवायची पद्धत समजून घेतली. प्राण्याचं नाव दोन शब्दी. पहिला शब्द घराण्याचा, दुसरा ज्याचा त्याचा. म्हणजे मतदार यादीसारखं, आडनाव आधी. दुसऱ्या शब्दात माणसाचं नाव घालता येतं. पुरुष असेल तर शेवटी आय, बाई असेल तर ए-ई. मी विचारलं, शोधणाऱ्यानं स्वतःचंच नाव दिलं तर? सर म्हणाले, कायदा न्हाई, पण शरम है. नाव ठेवायचं असतं ते अभ्यास करून लिहिणाऱ्यानं. म्हणजे मारिया बाईंनी. जग बुडालं तरी चालेल, पण आपलं नाव आपण सुचवायचं नसतं.

बराबर आहे. मलाही असला उथळपणा आवडत नाही.

१३ ऑगस्ट, मंगळवार.

दिवसभर प्रॅक्टिस केली. रजिस्टरच्या मागच्या पानावर. आडनावावरून केलं तर हिवाळेआय. नको, जाफ्राबाद तालुक्यातले झाडून सगळे हिवाळे हक्क सांगायला येतील. तातेरावआय. हे बरं. वजन आहे. लॅबच्या दाराआड मोठ्यानं म्हणून पाहिलं.

कारभारी सर दारातून जात होते. विचारलं, मामा, कुणाला बोलून राह्यले? म्हटलं, उंदीर हाकलतोय.

१५ ऑगस्ट, गुरुवार.

झेंडावंदनानंतर कारभारी सरांना एकट्यात गाठून सांगितलं की मला एक अज्ञात कोळी सापडलाय. ते म्हणाले, मुतारीपाशी लई झालेत, जळमटाचा झाडू घ्या आणि आजच काढून टाका.

काढली. पण मोठ्या संशोधकांना सुरुवातीला असंच वागवलं जातं, हे लक्षात ठेवलंय.

१७ ऑगस्ट, शनिवार.

शाळेच्या कॉम्प्युटरवरून लॅबच्या ईमेलवर मारिया बाईंना पत्र. इंग्रजी परवेज सरांचं, विचार माझे. फोटो चार.

खाली नाव घालायची वेळ आली तेव्हा मी सरांना थांबवलं. नावच घालायचं नाही! आपण नाव लिहिलं म्हणजे आपण ते सुचवलं असं होईल. उलट नाव नसलं की बाईंना उत्सुकता वाटेल, त्या स्वतः विचारतील, आणि मग आपण नाइलाजानं सांगायचं. खाली लिहिलं: अ सर्व्हंट ऑफ सायन्स, टेंभुर्णी. सर म्हणाले, मामा, सर्व्हंटचा मतलब वेगळा होतो. म्हटलं, हीच तर नम्रता.

फोन नंबर गिरिजाचा दिला. मोठ्या माणसाचा फोन तो स्वतः उचलत नाही. आधी पीए उचलतो.

१८ ऑगस्ट, रविवार.

पीएचं ट्रेनिंग. गिरिजाला सांगितलं की केरळच्या बाईंचा फोन आला तर हिंदीत बोलायचं, साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणायचं. ती म्हणाली, तुम्ही तर लॅबमधी काचा धुवून राह्यले असता. म्हटलं, तीच मीटिंग.

नाव विचारलं तर सांगायचं, पण आपणहून नाही. एका चिठ्ठीवर पूर्ण नाव लिहून दिलं. तिनं चिठ्ठी पाहिली, हसली, आणि फळीवर मिठाच्या बरणीखाली ठेवून दिली. म्हणाली, वाचायला चष्मा लागतो, मंग बघू.

२० ऑगस्ट, मंगळवार.

उत्तर आलं! बाईंना कोळी फार इंटरेस्टिंग वाटतोय. बाटली पाठवा म्हणतात. सुरुवात अशी: डियर सर्व्हंट ऑफ सायन्स.

परवेज सरांनी शंभरदा सांगितलं की आतातरी नाव कळवा. त्यांना यातलं राजकारण कळत नाही.

२२ ऑगस्ट, गुरुवार.

पोस्टात पार्सल. कारकुनानं विचारलं, आत काय. म्हटलं, संशोधन. तो म्हणाला, फुटणारं हाये का? पाठवणाऱ्याच्या नावाची ओळ रिकामी चालत नाही म्हणे. लिहिलं: लॅब, हायस्कूल, टेंभुर्णी. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, आत्ता वळखलं, लॅबमामा ना तुम्ही.

९ सप्टेंबर, सोमवार.

बाई कळवतात की कोळी नवीन असण्याची दाट शक्यता आहे. पण सापडलेली मादी आहे. नर पाहिजे.

मादी! हा धक्का होता. तातेरावआय हे मादीला कसं चालणार? परवेज सरांनी समजावलं की नावाचं ते शेपूट ज्याचा मान करायचा त्याच्यावर असतं, जनावरावर नाही.

निश्चय: रोज सकाळी एक तास नरशोध मोहीम.

१० सप्टेंबर. पाऊस. मोहीम नाही.

११ सप्टेंबर. मान.

१५ सप्टेंबर, रविवार.

मोहीम. शेजारच्या द्वारकाबाईंच्या परसात कढीपत्त्याची तीन झाडं आहेत. परवानगी घेतली नाही, कारण विज्ञानाला कुंपण नसतं. वाकून पानांच्या खालून पाहत होतो तर त्या आल्या आणि म्हणाल्या, एवढी हौस हाये तर इकत घ्या की, आमच्या झाडाला कामून हात लावता? मी शांतपणे सांगितलं की मी नर शोधतोय. यानंतर त्या जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

२ ऑक्टोबर, बुधवार.

नर मिळाला. दोन मिळाले. गिरिजा सकाळी अंगण झाडत होती तिथे खालच्या फांदीवर बसले होते. तिनं हिंगाची रिकामी डबी घेऊन अलगद दोघांना आत घेतलं आणि मला झोपेतून उठवायला आली.

डबीचं झाकण मी नीट लावलं. म्हणजे पकडले दोघांनी मिळून. मुख्यतः मी, कारण झाकण नसतं तर ते पळाले असते.

पार्सल गेलं. त्याला हिंगाचा वास होता.

१८ नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळी.

आयुष्यातला मोठा दिवस.

शाळेतून आलो तर गिरिजा म्हणाली, तुमच्या त्या मारिया बाईचा फोन आल्ता. माझ्या हातातली पिशवी खाली पडली. विचारलं, काय म्हणाल्या? म्हणाली, गोड बोलल्या. कोळी नवाच हाये म्हणे. आता पेपरात छापणार हायेत.

विचारलं, नाव विचारलं का? विचारलं, म्हणाली. सांगितलं का? हो, सांगितलं की, दोन बार सांगितलं. त्यांना नीट ऐकू येऊन राह्यलं नव्हतं. लिहून घेतलं का? घेतलं, आणि हे फार सुंदर नाव हाये असं म्हणल्या.

सुंदर नाव! केरळातल्या एवढ्या मोठ्या बाई! तातेराव हे नाव सुंदर आहे असं आजवर कोणी म्हटलेलं नाही. आईसुद्धा नाही. गिरिजाला जिलेबी आणून दिली. पीए म्हणून ती माझ्या अपेक्षेपेक्षा बरी निघाली.

चिठ्ठी अजून मिठाच्या बरणीखालीच होती. चष्म्याशिवाय जमवलं म्हणजे पाठच असणार. असणारच, लग्नाला चौतीस वर्षं झाली.

२० नोव्हेंबर.

परवेज सर म्हणाले, मामा, तरी एक बार ईमेल करून पक्कं करून घ्या. म्हटलं, सर, एकदा नाव सांगितल्यावर पुन्हा कळवणं म्हणजे आठवण करून देणं. शरम है की नाही?

ते खडू घेऊन वर्गावर गेले. पटलं असावं.

१ जानेवारी २०२५, बुधवार.

नवीन वर्षाचे संकल्प. एक, भाषण पाठ करणे (सात मिनिटं). दोन, नम्र राहणे. तीन, लॅबमामा म्हणून हाक मारली तर ओ न देणे.

तिसरा संकल्प दुपारी मोडला. घंटा वाजवायला कोणी नव्हतं.

९ फेब्रुवारी, रविवार.

बातमी कशी फुटली कळत नाही. मी फक्त न्हाव्याकडे, पिठाच्या गिरणीत, दूध डेअरीत आणि पोस्टात सांगितलं होतं. आता गावात नावं ठेवणं चालू आहे. एक म्हणतो, कोळ्याला यांचं नाव, तर झुरळाला कुणाचं? दुसरा म्हणतो, मामा, मंग आता तुमच्या अंगावर चप्पल मारावी लागंल. मराठी भाषाच चमत्कारिक. नाव ठेवणं म्हणजे बारसं, आणि नावं ठेवणं म्हणजे निंदा. नुसता एका टिंबाचा फरक. माझ्या बाबतीत गावानं टिंब आधी दिलं, इतकंच.

छापून आल्यावर बघू कोण हसतंय.

१६ मार्च, रविवार.

लॅबच्या दारावर लावायच्या पाटीचा मजकूर तयार केला. वर कोळ्याचं चित्र, मध्ये शास्त्रीय नाव, खाली: याचे नाव ज्यांच्यावरून ठेवले ते तातेराव भुजंग हिवाळे याच प्रयोगशाळेत कार्यरत होते. कारभारी सरांना दाखवला. ते म्हणाले, आधी छापून येऊ द्या, आन् गळक्या नळाला वायसर बसवा.

१४ एप्रिल, सोमवार.

भीमजयंती. समितीच्या दैवशालाताईंनी स्टेजवर दोन मिनिटं दिली. सात मिनिटांचं भाषण दोनमध्ये बसेना. शेवटी एवढंच बोललो, की लवकरच आपल्या वस्तीचं एक नाव जगाच्या शास्त्रात लिहिलं जाणार आहे, कुणाचं ते मी आज सांगणार नाही. मागून कुणीतरी ओरडलं, लॅबमामाचं!

टाळ्या बऱ्या पडल्या. मी नम्र उभा राहिलो. माझ्या बापाचं नाव वेठबिगाऱ्यांच्या यादीतसुद्धा कुणी धड लिहिलं नव्हतं. ते आठवलं आणि डोळे भरून आले. खाली उतरताना पायरी चुकली.

२१ एप्रिल, सोमवार. दुपारी १.३०.

पेपर आला! ईमेलवर. परवेज सर छापून आणायला ऑफिसात गेलेत. मी पाव किलो पेढे आणायला नववीतल्या सुरजला पाठवलं होतं, आता अर्धा किलो सांगतो.

स्टाफरूममध्ये सगळे जमले आहेत. कारभारी सरही. भाषण खिशात.

त्याच दिवशी. संध्याकाळी ७.

काय लिहू.

परवेज सरांनी उभं राहून वाचलं. आधी पाय, डोळे, पट्टा, सगळी मापं. मग नावाचा उगम म्हणून वेगळी ओळ होती. त्यांनी ती मनात वाचली. मग माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा वाचली. कारभारी सर म्हणाले, वाचा की.

सरांनी मराठीत सांगितलं. या जातीला टेंभुर्णी, जिल्हा जालना, येथील श्री. ह्यानी यांचं नाव देण्यात येत आहे. पहिले कोळी त्यांनीच पकडले. प्रसिद्धीची हाव नसलेल्या अशा माणसांमुळेच विज्ञान पुढे जातं.

शास्त्रीय नावातला दुसरा शब्द: ह्यानीआय.

पेढे सगळ्यांच्या हातातच होते. कारभारी सर म्हणाले, आपल्या गावात सिंधी कधी आले? शिपाई म्हणाला, जालन्याचे कोणी व्यापारी असतील. मराठीचे सर म्हणाले, आडनाव तर कापडवाल्याचं वाटून राह्यलं.

मी सांगितलं, हा सरळ सरळ दरोडा आहे. मध्ये कुणीतरी घुसलाय. या ह्यानीला मी कोर्टात खेचीन. सगळ्यांनी मान हलवली आणि पेढे खाल्ले.

२२ एप्रिल, मंगळवार. सकाळी.

ह्यानी सापडला.

रात्री जेवताना गिरिजाला सांगितलं की कोणी श्री. ह्यानी माझं नाव पळवून गेला. तिचा घास हातातच राहिला. मी म्हटलं, फोनवर नेमकं काय बोलणं झालं ते शब्दाला शब्द सांग.

तिनं सांगितलं. बाईंनी विचारलं, स्पायडर किसने पकडा? मी म्हणलं, ह्यांनी. बाई म्हणल्या, क्या नाम? मी म्हणलं, ह्यांनी, ह्यांनी. बाई म्हणल्या, मिस्टर ह्यानी? मी म्हणलं, हो जी, ह्यांनीच.

मी विचारलं, अगं, चिठ्ठी दिली होती ना? ती म्हणाली, चिठ्ठीत काय हाये ते काय मला ठावं न्हाई का? पण आसं धडधडीत नाव कसं घ्यायचं मानसाचं? आजवर कधी घेतलं का मी? बँकेत इचारलं तर आधार कार्ड पुढं करते. दवाखान्यात आपल्या लेकीच्या, भावनाच्या बाळंतपणात इचारलं तव्हा सिस्टरला म्हणलं, तुम्हीच वाचा.

खरंच आहे. चौतीस वर्षांत मी अहो आहे, हे आहे, ह्यांनी आहे, ह्यांना आहे. घरात माझी सातही विभक्तीत रूपं आहेत, फक्त नाव नाही. शाळेत घेत नाहीत याचं दुःख करत बसलो. घरात घेत नाहीत हे कधी ध्यानातच आलं नाही.

तिच्याशी बोलणं बंद.

२३ एप्रिल. बोलणं बंद. भाजीत कढीपत्ता नव्हता. तिलाही वाईट वाटलं असावं.

२४ एप्रिल. बंद. मीठ कमी होतं, पण मागायचं कसं?

परवेज सर म्हणतात, मामा, बुरा मत मानो, हमारे घर में भी अजी सुनते हो के आगे गाडी नहीं जाती. हमारे यहाँ फोन आता तो कोळी का नाम अजीआय हो जाता. मी हसलो नाही. मनातून हसलो, पण ते इथे लिहीत नाही.

२५ एप्रिल, शुक्रवार. संध्याकाळी.

घरी आलो तर गिरिजा ओट्यापाशी उभी होती. चष्मा लावलेला, चिठ्ठी हातात. मीठ लागून अर्धी अक्षरं गेलेली. माझ्याकडे पाठ करून तिनं फोन लावला, स्पीकरवर. मारिया बाईंना म्हणाली, मॅडम, मैं टेंभुर्णी से. वो नाम गलत हुआ. ह्यांनी नाम नहीं है. ह्यांनी मतलब मेरे मिस्टर.



बाईंनी विचारलं, तो असली नाम क्या है? गिरिजानं पदर डोक्यावर ओढला, भिंतीकडे तोंड केलं, आणि मोठ्यानं म्हणाली: तातेराव. तातेराव भुजंग हिवाळे. लिखो आप.

मी चपला काढत होतो. एक काढलेली, एक पायात. तसाच उभा राहिलो. माझं नाव असं ऐकू येतं हे मला माहीत नव्हतं. तिच्या तोंडून ते कुणा भल्या, हुशार माणसाचं वाटलं.

मारिया बाई पुन्हा पुन्हा सॉरी म्हणाल्या. पण नियम असा आहे की एकदा छापलेलं नाव बदलता येत नाही. चूक असली तरी तेच कायम. जगात जोवर कोळी आहेत तोवर.

फोन ठेवून ती म्हणाली, जाऊ द्या. खरं म्हणलं तर नर मीच पकडले होते. तुमचं नाव व्हावं म्हणून ह्यांनी म्हणलं. न्हाईतर मी, गिरिजाबाई, असं बी सांगता आलं असतं. माझं नाव घ्यायला मला काय लाज?

मी जेवायला बसलो. मीठ मागितलं. तिनं दिलं.

२६ एप्रिल, शनिवार.

शांतपणे विचार केला तर नुकसान तितकंसं नाही. ह्यानी म्हणजे मीच. पुरावा: माझी स्वतःची बायको. अडचण इतकीच की महाराष्ट्रातली कुठलीही बाई असा पुरावा देऊ शकते. दीड-दोन कोटी तरी ह्यांनी असतील. कोळी एक, वाटेकरी एवढे.

गिरिजाला म्हटलं, पुन्हा एकदा नाव घे बरं, काल नीट ऐकू आलं नाही. ती म्हणाली, एकदा घेतलं ना, आता काय रोजच घेऊ?

१ मे, गुरुवार.

उद्यापासून सुट्ट्या, म्हणून झेंडावंदनानंतर आजच निरोप समारंभ. शाल, नारळ, फेटा. कारभारी सर बोलायला उभे राहिले. म्हणाले, आज आपले लाडके, आपले सर्वांचे... आणि अडकले. हातातला कागद पाहिला. त्यावरही मामाच लिहिलेलं असणार. पहिल्या रांगेतून पोरं ओरडली, ह्यानी सर!

मोठा हशा. सर सुटले. पुढचं सगळं भाषण ह्यानी साहेबांवर झालं. चांगलं झालं. नळाच्या वायसरचाही उल्लेख केला.

मी सात मिनिटांचं भाषण अडीच मिनिटांत केलं. नम्रतेचा भाग वगळला, कारण तो आधीच छापून आला होता.

३१ मे, शनिवार.

आज अधिकृत रिटायर. किल्ल्या दिल्या, रजिस्टर दिलं. सह्या केल्या, नऊ ठिकाणी. प्रत्येक ठिकाणी पूर्ण नाव, सावकाश.

निश्चय: आता मी कुणाचा मामा नाही आणि कुणी ह्यानीही नाही. उद्यापासून गावात जो तातेराव म्हणून हाक मारील त्यालाच ओ द्यायची. बाकी कुणी कितीही ओरडो, मान वळवायची नाही. हा निश्चय जेल पेननं लिहून खाली दोनदा रेघ मारली आहे. या वेळी मी ठाम आहे.

१ जून, रविवार. सकाळी ९.४०.

दूध आणायला गेलो होतो. स्टँडच्या पलीकडून कुणीतरी हाक मारली, ओ ह्यानी साहेब!

ओ दिली.